तांब्याचा तळ आणि लोखंडाचे खिळे



या शनिवारचा विषय आहे जहाजं. लढाया, खजिने, समुद्री चाचे वगैरे नाही हं, जहाजाचा तळ. कायम पाण्याखाली असलेला, कुणालाही न दिसणारा, शेवाळ आणि शंखशिंपल्यांनी बरबटलेला तळ. "सुट्टीच्या दिवशी हाच विषय सापडला का?" असं मनात आलं असेल, तर थोडं थांबा. माझं पोटापाण्याचं काम सॉफ्टवेअरच्या मेंटेनन्सचं. नवीन काही बांधणाऱ्यांच्या वाट्याला केक आणि ग्रुप फोटो येतात, आमच्या वाट्याला रात्री अडीचचा फोन. त्यामुळे दुरुस्तीचा इतिहास म्हटला की मी आपोआप तिकडे ओढला जातो. आणि ही गोष्ट तर एका किड्यापासून सुरू होते, हजारो खलाशांच्या जिवाशी खेळते आणि शेवटी आपल्या बाथरूममधल्या गीझरपर्यंत येऊन पोचते. :)

तर सुरुवात किड्यापासून.

टेरेडो हे त्याचं नाव. इंग्रजीत त्याला जहाजाचा किडा म्हणतात, पण खरं तर तो किडा नाहीच. तो शिंपल्यांच्या खानदानातला प्राणी. अंग गांडुळासारखं लांबट, आणि तोंडाशी दोन छोटी खरखरीत कवचं. या कवचांनी तो लाकूड किसतो आणि पोटातही घालतो. त्याची खरी गंमत (किंवा दहशत म्हणा) अशी की लाकडात शिरताना तो अगदी बारीक पिल्लू असतो, त्यामुळे बाहेरून दिसणारं भोक टाचणीच्या डोक्याएवढं. मग तो आत वाढत जातो, बोगदा लांबवत जातो, पण बाहेर मात्र येत नाही. म्हणजे फळी बाहेरून धडधाकट आणि आतून मधमाश्यांचं पोळं! लंडनच्या थेम्स नदीखालचा बोगदा बांधणाऱ्या मार्क ब्रुनेलला खोदकामाच्या ढालीची कल्पना याच प्राण्यावरून सुचली असं सांगतात.

कोलंबसच्या चौथ्या सफरीची याच प्राण्याने वाट लावली होती. किड्याने चाळण केलेली शेवटची दोन जहाजं त्याला १५०३ साली जमैकाच्या किनाऱ्यावर चढवावी लागली, आणि मग तिथेच वर्षभर मदतीची वाट बघत बसावं लागलं.

दुसरा त्रास शेवाळ आणि बार्नॅकलचा. कोकणात खडकावर अनवाणी चालताना पाय कापतात ना, तसली टोकदार कवचं. ती तळाला चिकटली की जहाज जड होतं, वेग पडतो, सुकाणूला दाद देत नाही. व्यापारी जहाजाला याचा अर्थ उशीर. लढाऊ जहाजाला याचा अर्थ शत्रू पळून जाणं, किंवा आपल्याला पळता न येणं.

यावर जगभर एकच उपाय होता: जहाज पाण्याबाहेर काढा, तळ खरवडा, सडलेल्या फळ्या बदला, फटी बुजवा, वर काहीतरी चोपडा. आपल्याकडे चुना आणि तेल यांचा लेप द्यायची पद्धत होती, युरोपात डांबर आणि गंधक. विजयदुर्गजवळ वाघोटन खाडीत मराठ्यांच्या आरमाराची खडकात कोरलेली गोदी आहे, शंभरेक मीटर लांब. भरतीला जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या तळावर काम करायचं. मुंबईत हेच काम मोठ्या प्रमाणावर झालं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि १७५० मध्ये इथे सुकी गोदी, म्हणजे ड्राय डॉक, उभी राहिली. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, त्याचा गोदीला मोठा फायदा. पूर्वेकडच्या समुद्रात फिरणाऱ्या ब्रिटिश आरमाराला तळाची दुरुस्ती करायची तर त्या काळात मुंबई हाच मोठा आधार होता.

पण गोदीत उभं असलेलं जहाज म्हणजे सर्व्हर डाउन. तेवढे आठवडे ते जहाज तुमच्याकडे नसल्यातच जमा. म्हणून असा तळ हवा होता, ज्याला किडा लागणार नाही आणि शेवाळ धरणार नाही.

सतराव्या शतकात, १६७० च्या दशकात, इंग्रजांनी शिशाचे पत्रे ठोकून पाहिले. किडा थांबला, पण लोखंडी खिळे आणि सुकाणूच्या बिजागऱ्या भराभर झिजायला लागल्या. का ते कुणाला कळेना. वादावादी झाली, चौकशी झाली, आणि शेवटी शिसं सोडून देण्यात आलं. ही घटना लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग आलं तांबं. १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या ३२ तोफांच्या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकले आणि तिला वेस्ट इंडीजला पाठवलं. म्हणजे किड्याच्या माहेरघरीच. टेस्टिंग करायचं तर असं! १७६३ मध्ये तिची तपासणी झाली, तेव्हा निकाल अर्धा स्वर्ग आणि अर्धा नरक असा निघाला. जिथे तांबं शाबूत होतं तिथे किड्याचा मागमूस नाही, शेवाळ नाही, बार्नॅकल नाही, तळ लख्ख. पण पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे पार कुजून गेले होते. कित्येक ठिकाणी पत्रा सुटून लोंबत होता.

आणि इथे तपासणी करणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. त्यांच्या लक्षात आलं की काही खिळे अगदी ठणठणीत आहेत. का? तर पत्रे कारखान्यातून आले ते जाड तपकिरी कागदात गुंडाळून. काही ठिकाणी कामगारांनी तो कागद न काढताच पत्रा ठोकला होता. जिथे तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये कागद टिकला, तिथे लोखंडही टिकलं. निष्कर्ष स्पष्ट लिहिला गेला: समुद्राच्या पाण्यात या दोन धातूंचा थेट स्पर्श होऊ देऊ नका.

साल बघा, १७६३. गॅल्व्हानीचे बेडकांचे पाय अजून उडायचे होते, व्होल्टाची बॅटरी यायला ३७ वर्षं होती. विजेचा प्रवाह ही कल्पनाच नव्हती. कारण माहीत नसताना लक्षण इतकं अचूक पकडलं होतं. माझ्या ओळखीतले कित्येक बग रिपोर्ट याच्यापुढे पाणी भरतील.

आज आपल्याला कारण माहीत आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवा आणि खाऱ्या पाण्यात बुडवा, की झाली बॅटरी तयार. दोघांपैकी जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो तो झिजतो, दुसरा वाचतो. तांबं आणि लोखंड या जोडीत बळी लोखंडाचा. त्यात तांब्याचा पृष्ठभाग प्रचंड आणि खिळा इवलासा. सगळ्या पत्र्याची भूक त्या एका खिळ्यावर भागवली जाते, म्हणून तो फारच वेगाने संपतो.

यावर वरवरचा उपाय सोपा होता. पत्र्याचे खिळे तांब्याच्या मिश्रधातूचे करा. तसे ते केलेही. पण जहाजात फक्त पत्र्याचे खिळे नसतात. जहाजाचा कणा, फासळ्या आणि फळ्या एकत्र धरून ठेवणारे लांबलचक बोल्ट असतात, आणि ते होते लोखंडाचे. शुद्ध तांब्याचे बोल्ट चालत नव्हते, कारण तांबं मऊ. ओकच्या जाडजूड लाकडातून घणाने ठोकताना ते वाकायचं. म्हणजे लायब्ररी बदलली, पण खाली कर्नलमध्ये तोच दोष शिल्लक! त्यामुळे आरमाराने पुढची पंधरा-सोळा वर्षं हात आखडताच ठेवला. थोड्याच जहाजांवर प्रयोग केले आणि वाट पाहिली.

मग लागलं युद्ध. अमेरिकेतल्या वसाहतींनी बंड केलं होतंच, १७७८ मध्ये फ्रान्स त्यांच्या बाजूने उतरला, १७७९ मध्ये स्पेन. ब्रिटनकडे जहाजं कमी आणि समुद्र जास्त अशी अवस्था. आरमाराच्या देखभालीचा कारभार तेव्हा चार्ल्स मिडलटन या अधिकाऱ्याकडे होता. नवी जहाजं रातोरात बांधता येत नाहीत. पण आहेत त्यांना तांबं ठोकलं तर ती गोदीत कमी वेळ अडकतील आणि समुद्रात जास्त वेळ राहतील, वर वेगही वाढेल. मिडलटनने निर्णय घेतला: सगळ्या आरमाराला तांबं. 'अलार्म'चा धडा त्याला माहीत होता. म्हणून बोल्टच्या डोक्यांवर लेप, त्यावर जाड कागदाचे थर आणि मग पत्रा, अशी पद्धत ठरली. पाणी आत शिरलंच नाही तर बॅटरी बनणार कशी, हा त्यामागचा हिशोब.

दोन-तीन वर्षांत सुमारे ३०० जहाजांना तांब्याचा तळ बसला. नेल्सनमुळे पुढे प्रसिद्ध झालेल्या 'व्हिक्टरी'ला १७८० मध्ये ३,९०० च्या वर पत्रे लागले. परिणाम लगेच दिसला. जानेवारी १७८० मध्ये अॅडमिरल रॉडनीच्या तांबं लावलेल्या जहाजांनी पळणाऱ्या स्पॅनिश ताफ्याला रात्रीच्या अंधारात गाठलं. एप्रिल १७८२ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये त्याच रॉडनीने फ्रेंचांचा मोठा पराभव केला. म्हणजे प्रॉडक्शनला टाकलेलं रिलीज हिट!

आणि मग १७८२ चाच उत्तरार्ध आला.

२९ ऑगस्ट १७८२. 'रॉयल जॉर्ज' हे १०० तोफांचं जहाज पोर्टस्मथजवळ नांगरलेलं होतं. पाण्याच्या रेषेखालची एक छोटीशी दुरुस्ती करायची होती. त्यासाठी गोदीत न नेता, तोफा एका बाजूला सरकवून जहाज मुद्दाम कलतं केलं. ही रोजची पद्धत होती. जहाजावर खलाशी तर होतेच, पण त्यांना भेटायला आलेल्या बायका आणि मुलंही होती. जहाज कलत गेलं, खालच्या दारांतून पाणी आत आलं आणि बघता बघता ते किनाऱ्याच्या डोळ्यांसमोर बुडालं. ८०० च्या वर माणसं गेली, अॅडमिरल केंपेनफेल्ट त्यांच्यातच. लष्करी न्यायालयाने अधिकाऱ्यांना निर्दोष सोडलं. सांगाड्याची लाकडंच कुजलेली होती आणि त्यातला एखादा मोठा भाग निसटला असावा, असं मत नोंदवलं गेलं. ही दुर्घटना तांब्यामुळे झाली असं मी म्हणत नाही. पण बाहेरून भक्कम दिसणारं जहाज आतून कसं आहे, हा प्रश्न त्या दिवशी सगळ्यांपुढे उघडा पडला.

त्यानंतर काही आठवड्यांनी, सप्टेंबरमध्ये, वेस्ट इंडीजहून परतणारा एक मोठा ताफा अटलांटिकच्या मधोमध वादळात सापडला. 'रॅमिलीज' आणि 'सेंटॉर' ही लढाऊ जहाजं गेली. फ्रेंचांकडून नुकतीच जिंकलेली 'व्हिल द पारी' आणि 'ग्लोरिओ' हीसुद्धा गेली. सोबतची व्यापारी जहाजं वेगळीच. हजारोंनी माणसं बुडाली. वादळ भयंकर होतं आणि जिंकलेली जहाजं लढाईत खिळखिळी झालेली होती, हे खरंच. पण इतर जहाजं गोदीत उघडायला घेतली तेव्हा जे दिसलं त्याने आरमाराची झोप उडाली. कागद आणि लेप फसले होते. पाणी आत झिरपलं होतं. मनगटाएवढे बोल्ट झिजून बारीक झाले होते, आणि बाहेरून मात्र तांब्याचा तळ चकचकीत!

इथे मी वाचता वाचता थांबलो. टेरेडो काय करायचा आठवतं ना? फळी बाहेरून धडधाकट, आतून पोकळ. त्याला रोखण्यासाठी लावलेल्या तांब्यानेही नेमकं तेच केलं. फक्त लाकडाऐवजी लोखंड पोखरलं. वर आधी सडकी फळी निदान बाहेरून ठोकून तरी बघता यायची. आता तीही तांब्याखाली झाकली गेली. उपायाने रोग तर बदललाच, पण तो दिसण्याची जागाही बुजवली.

मग पुढे काय झालं? तांबं काढूनच टाकावं असाही विचार चालू होता. पण १७८३ च्या सुमारास कारखानदारांनी थंड तांबं रुळांमधून दाबून काढून कडक बोल्ट तयार करण्याची पद्धत शोधली. हे बोल्ट घणाखाली वाकत नव्हते. १७८६ मध्ये हुकूम निघाला की जहाज गोदीत येईल तसे त्याचे पाण्याखालचे लोखंडी बोल्ट काढून तांब्याचे घालायचे. प्रचंड खर्चाचं, वर्षानुवर्षं चालणारं, कुठेही तुतारी न वाजणारं काम. पण त्यानंतर पुढे नेपोलियनशी झालेल्या दीर्घ युद्धात वर्षानुवर्षं समुद्रावर टिकून राहणारी जहाजं याच कामातून मिळाली.

मिडलटन दोषी होता का? मला नाही वाटत. त्याच्यापुढे पर्याय होते आज हरणं किंवा पुढे धोका पत्करणं. असा सौदा कधीकधी करावाच लागतो. माझा आक्षेप दुसऱ्या गोष्टीला आहे. १७६३ ते १७७९ ही सोळा वर्षं हातात होती. दोष कळलेला होता, लिहून ठेवलेला होता. बोल्टचा प्रश्न त्या शांततेच्या काळात कुणी तडीला नेला नाही. जे तंत्र १७८३ मध्ये सापडलं ते माणसं मरायच्या आधी शोधायला कुणी बंदी केली नव्हती. शिशाचा अनुभव धरला तर इशारा शंभर वर्षं जुना होता. "माहीत असलेला दोष" या यादीत एखादी गोष्ट गेली की ती जणू सुटलीच असं सगळ्यांना वाटायला लागतं. हे आरमारापुरतं खरं असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

आता मुंबईकडे. आपल्या सागवानाचं एक वैशिष्ट्य म्हणजे त्यातल्या तेलामुळे लोखंड टिकतं. ओकच्या लाकडातलं आम्ल उलट लोखंडाला खातं. म्हणून मुंबईत बांधलेली जहाजं दीर्घायुषी ठरली. जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेलं 'त्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईत पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगत उभं आहे. दोनशे वर्षं उलटून गेलेलं, मुंबईच्या सुतारांच्या हातचं जहाज! (याच्या नकाशांची पहिली प्रत ज्या जहाजावरून मुंबईला निघाली होती ते 'जावा' जहाज १८१२ मध्ये अमेरिकन आरमाराने बुडवलं, म्हणून नकाशे दुसऱ्यांदा पाठवावे लागले. बॅकअपचं महत्त्व, दुसरं काय!)

गोष्टीचा शेवटचा अंक सर हम्फ्री डेव्ही यांचा. एव्हाना बोल्ट तांब्याचे झाले होते, पण तांब्याचे पत्रे स्वतःच समुद्रात हळूहळू झिजायचे आणि काही वर्षांनी बदलावे लागायचे. डेव्ही रसायनशास्त्रज्ञ, विजेचा जाणकार. त्याने १८२४ मध्ये विचार उलटा केला. तांब्यामुळे लोखंड झिजतं ना? मग मुद्दाम लोखंडाचे किंवा जस्ताचे छोटे तुकडे तांब्याला जोडा. तुकडे झिजतील, पत्रा वाचेल. १७८२ मध्ये जो शाप होता तोच त्याने औषध म्हणून वापरला. कोचीनला सागवानात बांधलेल्या 'समरंग' या जहाजावर प्रयोग झाला आणि तांबं खरोखर झिजायचं थांबलं.

पण... (हो, अजून एक पण आहे.) तळावर शेवाळ आणि बार्नॅकल यांची जत्रा भरली! कारण तांबं तळ स्वच्छ ठेवायचं ते कशाच्या जोरावर? तर झिजण्याच्याच जोरावर. झिजताना जे तांबं पाण्यात मिसळायचं ते या जिवांना विषारी. झिजणं बंद म्हणजे विष बंद, म्हणजे पाहुण्यांना मोकळं रान. आपण ज्याला दोष समजून दुरुस्त करत होतो तेच त्याचं काम होतं. १८२५ मध्ये आरमाराने ते तुकडे काढून टाकायला लावले, आणि डेव्हीला टीका सोसावी लागली.

मात्र कल्पना मेली नाही. पुढे जहाजं लोखंडाची आणि पोलादाची झाली, तेव्हा त्यांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लागू लागले. आजही लागतात. आपल्या साठवणीच्या गीझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकी वाचावी म्हणून ती झिजते. मेकॅनिक "रॉड संपला, बदलावा लागेल" म्हणतो तेव्हा तो फसवत असेलच असं नाही, डेव्हीसाहेबांचंच ते देणं आहे.

शेवाळाचा प्रश्न तेवढा राहिला. त्यावर विषारी रंग आले. विसाव्या शतकात ट्रायब्युटिल टिन नावाचा रंगातला घटक इतका गुणकारी निघाला की सगळ्यांनी तो लावला. मग फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची पैदास ढासळली, आणि काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नरांचे अवयव फुटू लागले. फ्रान्सने १९८२ मध्ये छोट्या बोटींवर निर्बंध घातले. जगभरच्या बंदीचा करार २००१ मध्ये झाला आणि सप्टेंबर २००८ मध्ये लागू झाला. पुन्हा तीच कहाणी: उपाय चालला, आणि त्याचं बिल दुसऱ्या कुणाच्या नावावर फाटलं.

या सगळ्यातून जहाजांच्या दुनियेने एक गोष्ट मात्र नियमात लिहून ठेवली. 'टायटॅनिक'नंतर १९१४ मध्ये पहिला सोलास करार झाला. त्याच्या आजच्या रूपात मालवाहू जहाजाचा तळ बाहेरून पाच वर्षांत किमान दोनदा तपासावाच लागतो, आणि दोन तपासण्यांत ३६ महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. जहाज "नीट चाललंय" हे कारण ऐकून घेतलं जात नाही. मला हा नियम फार शहाणा वाटतो. आमच्या क्षेत्रात "चालतंय ना, मग हात लावू नका" हा मंत्र आहे. त्यांनी अनेक माणसं गमावून उलटा मंत्र शिकला: चालतंय ना, मग आत्ताच उघडून बघा, कारण बंद पडेल तेव्हा बघायला सवड नसेल.

असो, लांबलं. पुढच्या वेळी मांडव्याला किंवा रेवसला जायच्या धक्क्यावर दुरुस्तीसाठी वर ओढलेली एखादी पोलादी बोट दिसली, तर तिच्या पंख्याजवळ आणि सुकाणूजवळ बघा. करड्या रंगाचे, खड्डे पडलेले, अर्धवट विरघळलेले ठोकळे दिसतील. जितके जास्त झिजलेले, तितकं त्यांनी काम चोख केलंय असं समजायचं. आणि शेजारी कुणी खरवडणी घेऊन तळ साफ करत बसलेला असेल, तर त्याला दोन मिनिटं विचारून बघा. बोटीबद्दल कप्तानापेक्षा त्याला जास्त माहिती असण्याची शक्यता आहे.

भेटू पुढच्या वीकांताला.